अहो-जाहो

थोरल्याने सत्तूर डोक्याच्या वर उचलला आणि बरगड्यांवर आणता आणता मध्येच थांबवला. लाकडी ओंडक्याच्या पायाशी कुत्रं घुसलं होतं. बाजारातलंच, एक कान फाटलेलं, कुणाचंच नसलेलं. एरवी अशा वेळी थोरल्याची लाथ बसायची आणि लाथेच्या आधी शिवी. आज त्याने सत्तूर बाजूला ठेवला, कमरेत वाकला आणि म्हणाला,

"अहो, जरा सरकता का? लागेल तुम्हाला."

गिऱ्हाइकांत खसखस पिकली. रांगेत पुढे असलेल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी तर तोंडाला रुमाल लावला. कुत्रं मात्र पार गोंधळलं. त्याला शिवी कळत होती, लाथ कळत होती, हे काय नवीन ते त्याला उमजेना. शेपूट पायांत घालून ते बाहेर गेलं आणि रस्त्यापलीकडे बसून दुकानाकडे बघत राहिलं.

धाकटा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला खिमा करत होता. त्याला हसू आलं नाही.

खाटकाचं हे दुकान दोघा भावांचं, वडिलांनी मागे ठेवलेलं. थोरला वरच्या खोलीत राहायचा, धाकटा लग्न झाल्यावर चार गल्ल्या सोडून वेगळा राहायला गेला होता. थोरल्याला सगळा बाजार तोफ म्हणायचा. मटण चांगलं मिळतं म्हणून निम्मे लोक या दुकानात येत आणि उरलेले निम्मे दोघा भावांची भांडणं ऐकायला. सकाळी शटर वर गेलं की सुरुवात व्हायची.

"अरे रेड्या, ही मांडी कापलीस की कुरतडलीस? उंदीर बरा तुझ्यापेक्षा!"

"तुझ्याच हाताखाली शिकलो ना दादा, मग दुसरं काय होणार?"

की लगेच एक हाड भिरभिरत यायचं. धाकटा वाकायचा, हाड मागच्या भिंतीवर आपटायचं. कधीकधी प्रकरण हातघाईवर यायचं. एकदा थोरल्याने त्याला उचलून मिठाच्या पोत्यांवर फेकला होता, एकदा धाकट्याने थोरल्याच्या मनगटाला असा चावा घेतला होता की वण कित्येक दिवस गेला नव्हता. गल्ल्यावर वहिनी बसायची, थोरल्याची बायको. ती हातातलं वजन फळीवर आपटून ओरडायची, "मेल्यांनो, गिऱ्हाईक उभं आहे!" आणि दोघे मुकाट आपापल्या जागी जायचे. दुपारी तेच दोघे एकमेकांच्या डब्यात बोटं घालून जेवायचे. बघणाऱ्याला वाटायचं, हे आज ना उद्या एकमेकांचा मुडदा पाडणार. त्या दोघांना असं कधी वाटलं नाही. एकमेकांच्या पाठीवर हात ठेवायची त्यांच्या घरात रीत नव्हती, म्हणून ते हाडं फेकत होते, इतकंच.

मग वहिनी गेली. साधा ताप म्हणून अंथरुणावर पडली आणि आठवडाही न काढता गेली. थोरला बरेच दिवस खाली उतरला नाही. उतरला त्या दिवशी बातमी न कळलेल्या एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "आज बाई नाहीत का गल्ल्यावर?"

थोरल्याने सत्तूर उचलला आणि समोरची काच फोडली. मग तराजू तोडला. मग आकड्याला टांगलेलं अख्खं बकरं खेचून खाली पाडलं आणि हाडामांसाचा लगदा होईपर्यंत त्याच्यावर घाव घातले. ते संपल्यावर तो ओंडक्यावर घाव घालू लागला, लाकडाच्या ढलप्या उडू लागल्या. माणसं पळाली. धाकट्याने मागून मिठी मारली तेव्हा सत्तूर त्याच्या कोपराला चाटून गेला, आणि भावाचं रक्त बघितल्यावर थोरला थांबला. खाली बसला. काचांमध्येच बसला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्याला दवाखान्यात नेलं. तिथे मनाचे आजार बघणाऱ्या एक बाई होत्या. पिकलेल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काय होतं यांना?"

थोरला जमिनीकडे बघत होता. धाकटा म्हणाला, "राग येतो."

यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या घरात मनाच्या सगळ्या दुखण्यांना तो एकच शब्द होता. आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली की मुलं म्हणायची, आईला राग आलाय. वडील दार लावून रडले होते तेव्हाही त्यांना राग आला होता. धाकटा लहानपणी अंधाराला भ्यायचा, तर थोरला शेजाऱ्यांना सांगायचा, त्याला अंधाराचा राग येतो. ज्या माणसाजवळ पोटदुखी आणि डोकेदुखी मिळून एकच शब्द आहे, तो डॉक्टरला दुसरं काय सांगणार?

बाईंनी रागावरचे उपाय सांगितले, आणि ते चांगलेच होते. ठरल्या वेळी उठायचं. सकाळी चालून यायचं. छातीत धडधडलं की श्वास हळूहळू सोडायचा. गार पाणी घोट घोट प्यायचं. रोज कुणा एकाशी तरी बोलायचं. आणि उठता उठता त्या हसून म्हणाल्या,

"एक सोपी युक्ती सांगू? राग आला की समोरच्याला अहो-जाहो करा. अहो म्हणून शिवी देऊन बघा, जमतच नाही!"

तेव्हा तिघेही हसले होते. थोरलासुद्धा.

पण थोरल्याने ते सगळं इतकं मनावर घेतलं की बघणाऱ्याने थक्क व्हावं. तो उठायचा, चालायचा, श्वास सोडायचा, पाणी प्यायचा, रोज मास्तरीणबाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. आणि सगळ्यांना अहो म्हणायचा. हमालाला अहो, भिकाऱ्याला अहो, आता कुत्र्यालाही अहो. बाजारात बोलबाला झाला की तोफ थंडावली. धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजी किती सुधारले!" आणि थोरल्याने धाकट्यालाही अहो-जाहो सुरू केलं. "सुरी देता का?" "तुम्ही आधी जेवून घ्या." "चुकलं माझं, रागावू नका."

धाकटा बायकोला म्हणाला, "तो मला तुम्ही म्हणतो."

"मग? मीही तुम्हाला तुम्हीच म्हणते की."

"तुझं वेगळं."

"माझं काय वेगळं?"

ते त्याला नीट सांगता येईना. त्याला आठवत होते ते वडील. वडील ज्याच्यावर मनातून फुली मारायचे, त्याला त्या दिवसापासून तुम्ही म्हणायचे. धाकट्या आत्याशी त्यांचं बिनसलं, तर सख्ख्या लहान बहिणीला ते मरेपर्यंत "तुम्ही केव्हा आलात?" असं विचारत राहिले. आणि आत्या दर वेळी बाहेर जाऊन रडायची. थोरल्याने सगळ्या जगाला तुम्ही म्हणायला घेतलं होतं. धाकट्याला ते ऐकून बरं कसं वाटणार?

कुत्र्याचा प्रकार झाला त्याच सकाळी कत्तलखान्याहून माल घेऊन गाडीवाला आला. दांडगा गडी, आडमुठा, पण आजवर तोफेपुढे शेपटी हलवणारा. त्याने खांद्यावरून आणून टाकलेलं एक बकरं थोरल्याने दाबून बघितलं, वास घेतला.

"हा माल शिळा आहे. एवढा कृपा करून परत न्या."

गाडीवाल्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाजारातल्या गप्पा त्याच्याही कानावर गेल्या होत्या.

"नाही नेला तर?"

"न्या हो. लोक खातील ते."

"नेत नाही जा," गाडीवाला म्हणाला आणि त्याने थोरल्याच्या छातीवर तळवा मारला. थोरला एक पाऊल मागे सरला. तेवढ्याने गाडीवाल्याला जोर चढला. त्याने थोरल्याच्या थोबाडीत ठेवून दिली, सगळ्या रांगेसमोर. आवाज असा झाला की मास्तरीणबाई दचकून मागे सरकल्या.

थोरल्याने हात पाठीमागे बांधले.

"आणखी मारायचं असेल तर मारा. तुमचं बरोबर आहे."

गाडीवाल्याने खरंच मारलं. या वेळी मुठीने, तोंडावर. थोरल्याचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून आलं, पांढऱ्या एप्रनवर टपकलं, आणि तो तसाच उभा, तिसऱ्या ठोशाची वाट बघत. वाट बघत, हे धाकट्याला स्पष्ट दिसलं. बस येण्याची बघावी तशी.

मग धाकट्याला पुढचं नीट कळलंच नाही. तो काउंटरवरून उडी मारून पलीकडे गेला होता. त्याने गाडीवाल्याची मान धरली आणि त्याचं तोंड गाडीच्या फळीवर आपटलं. नाक मोडल्याचा आवाज त्याला हातातून कळला, रोज हाडं फोडणाऱ्याला तो कळतोच. तो थांबला नाही. पुन्हा आपटलं, पुन्हा. गाडीवाला गुडघ्यांवर आला तेव्हा त्याने बरगडीत लाथ घातली. लोकांनी ओढून बाजूला केलं नसतं तर त्या दिवशी दुकानापुढे माणसाचं मढं पडलं असतं.

थोरला खाली बसला. स्वतःचा एप्रन सोडून त्याने गाडीवाल्याचं नाक दाबून धरलं. "अहो, मान वर करा. असं. पाणी आणतो तुम्हाला." गाडीवाला त्याच्याकडे बघून जास्तच घाबरला, नाक धरून उठला आणि गाडी घेऊन निघून गेला. मग थोरला धाकट्याकडे वळला.

"तुम्ही उगाच त्रास घेतलात," तो म्हणाला.

फाटक्या ओठाने तो हसला देखील. धाकट्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

दुपारी दुकान बंद करताना थोरल्याने आपला सत्तूर धुतला, पुसला, तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि धाकट्यापुढे धरला. या सत्तुराला आजवर कुणाला हात लावायची टाप नव्हती. धाकट्याने एकदा नकळत उचलला तर थोरल्याने त्याच्या बोटांवर सळई हाणली होती.

"हा आता तुमच्याकडे ठेवा. तुमचा हात बसलाय आता."

"मला नको."

"ठेवा हो," थोरला म्हणाला आणि सत्तूर त्याच्या हातात देऊन जिना चढून वर गेला.

धाकट्याने रस्त्यावरचं रक्त बादलीभर पाण्याने धुतलं. मग तो डोकं शांत व्हावं म्हणून बाजाराला वळसा घालून घरी गेला. दारातच बायको म्हणाली, "भाऊजी येऊन गेले आत्ताच. पाठीवर वहिनींचं शिलाई मशीन घेऊन आले होते. म्हणाले, तुम्हाला उपयोग होईल. मी चहा ठेवते म्हटलं तर थांबले नाहीत. म्हणाले, तुम्ही दोघांनी फार केलंत माझं." तिने ताट वाढलं. "ओठ सुजला होता त्यांचा. पण किती शांत होते हो! मला इतकं बरं वाटलं."

धाकट्याने ताट उचललं आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारलं.

बायको भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्यावर त्याने कधी हात टाकला नव्हता, आजही टाकला नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"एवढा राग कसला आलाय तुम्हाला?"

"राग नाही." तो आपल्याच हातांकडे बघत होता. त्याने बराच वेळ शब्द शोधला, आणि तो सापडल्यावर तोच दचकला. "भीती वाटतेय गं मला. तो मरायला निघालाय."

बायको काही बोलायच्या आत तो दाराबाहेर होता. चारही गल्ल्या तो पळत गेला.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला. थोरला एकेक आकडा काढून गरम पाण्याने धूत होता. फरशी घासून काढली होती. सुऱ्या धार लावून उतरत्या क्रमाने मांडल्या होत्या. घर रिकामं करून देणारा माणूस जसं आवरतो, तसं सगळं आवरलेलं होतं.

"या," थोरला म्हणाला. "जेवलात?"

"या काय? मी पाहुणा आहे का? मशीन का दिलंस?"

"त्यांना उपयोग होईल."

"त्यांना म्हणजे कुणाला? माझ्या बायकोला? परवापरवापर्यंत तिला ए पोरी म्हणून हाका मारत होतास तू!"

"चुकलंच माझं ते."

धाकट्याने पाण्याची बादली लाथेने उलटी केली. गरम पाणी थोरल्याच्या पायांवर गेलं. थोरल्याने पाय उचलले, झटकले, आणि फडकं घेऊन पाणी टिपू लागला.

"रेड्या!" धाकटा ओरडला. शिव्या देण्याचं काम आजवर त्याचं नव्हतं, तो झेलणारा. त्याला आपल्या अशा शिव्याच येत नव्हत्या. मग त्याने थोरल्याच्याच एकेक करून त्याला परत दिल्या. "ठोंब्या! आयतोबा! मुडद्या! ऊठ ना! उठून माझं थोबाड फोड!"

"बरोबर आहे तुमचं," थोरला फडकं पिळत म्हणाला.

तेव्हा धाकट्याने ठेवणीतला घाव काढला. हाडाचा सांधा कुठे सुटतो ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याने नेमका तिथेच घातला.

"वहिनी तुझ्यामुळे मेली. ताप चढला त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. तू माल उतरवत बसलास."

फडकं पिळणारे हात थांबले. धाकट्याला वाटलं, आता उठतो, आता सत्तूरच मागतो आपल्याकडे. त्याने डोळे मिटून घेतले.

"हो ना," थोरला म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मीही तेच म्हणतोय कधीपासून. कुणीतरी बोललं, बरं झालं."

धाकट्याने त्याला खांद्यांना धरून उभं केलं. "खोटं आहे ते! मी तुला चिडवायला बोललो. डॉक्टर काय म्हणाले होते आठवत नाही? कितीही लवकर आणली असती तरी..."

"नाही हो. तुम्ही बरोबर बोललात."

मग धाकट्याने त्याला मारलं. जन्मात पहिल्यांदा खरोखरचं, आणि सगळ्या ताकदीने. गालावर, कानावर, खांद्यावर. थोरला हात खाली सोडून उभा होता. धाकट्याने त्याचा उजवा हात पकडला, मूठ वळवायचा प्रयत्न केला, वळेना, तर तो उघडा पंजाच आपल्या तोंडावर मारून घेतला. "मार! मार मला! हात उचल!" पंजा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लुळा पडत होता. धाकटा रडत होता आणि मारत होता आणि स्वतःला मारून घेत होता, आणि त्याला आपण काय करतोय हेच कळत नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही हातांनी थोरल्याला ढकललं.

ओल्या फरशीवर थोरल्याचा पाय सटकला. तो वळून कोसळला आणि त्याचं कपाळ ओंडक्याच्या कडेवर आपटलं.

थोरला ओंडक्याला टेकून खाली बसला होता. भुवईच्या वरपासून केसांपर्यंत फाटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, तिथून नुकत्या घासलेल्या फरशीवर. धाकटा जागच्या जागी दगड झाला. थोरल्याने हळूच हात वर नेला, जखम चाचपली, बोटं डोळ्यांसमोर आणून पाहिली.

"लागलं रे," तो म्हणाला.

धाकटा मटकन त्याच्यासमोर बसला.

"खूप लागलंय रे." थोरल्याचा चेहरा वाकडा व्हायला लागला, लहान पोराचा होतो तसा. "किती दिवस झाले. श्वास सोडतो, पाणी पितो, बाई म्हणाल्या ते सगळं करतो. थांबतच नाही. आज संध्याकाळ बघायची नव्हती मला."

"ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"कुत्र्याला अहो म्हणालास," धाकटा म्हणाला आणि त्याने आपला सदरा काढून भावाच्या डोक्याला दाबून धरला.

दवाखान्यात परिचारिकेने केस भादरले, जखम धुतली आणि टाके घालायला डॉक्टरांना बोलावलं. धाकटा बनियनवर, रक्ताने माखलेला, व्हरांड्यात उभा राहिला. मनाचे आजार बघणाऱ्या बाई समोरच्या खोलीतून बाहेर आल्या आणि त्याला पाहून थबकल्या.

"हे काय झालं?"

"मी मारलं त्याला. ते नंतर लिहा." आवाज खाली ठेवायचा हे त्याला सुचलंच नाही, बाकांवर बसलेले सगळे वळून बघू लागले. "बाई, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्याला राग नाही येत. त्याला जगायचं नाहीये. आमच्याकडे त्याला वेगळा शब्द नव्हता हो."

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्या आत गेल्या, थोरल्याच्या खाटेजवळ खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसल्या.

"खरं आहे का हे?"

थोरल्याने भावाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो."

"मलाही विचारायला हवं होतं. आता विचारते."

दार बंद झालं. बराच वेळ बंद राहिलं. धाकट्याने बाहेर बसून आपल्या सुजलेल्या बोटांची सालं सोलली. मधे एकदा आतून रडण्याचा आवाज आला, जनावर ओरडावं तसा, आणि तो दार ठोठावायला उठला, पण परिचारिकेने त्याला खांद्याला धरून परत बसवलं.

दार उघडल्यावर बाईंनी त्यालाही आत घेतलं. उद्यापासून रोज यायचं, औषध सुरू करायचं, एकटं म्हणून सोडायचं नाही. थोरल्याने ते ऐकून घेतलं, नाही म्हणाला नाही.

"आणि घरात सुऱ्या, धारदार वस्तू हाताशी ठेवू नका," बाई म्हणाल्या.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाई, आम्ही खाटीक आहोत," थोरला म्हणाला.

बाईंच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मग दुकानाची किल्ली तुमच्या भावाकडे. आणि काही दिवस तुम्ही त्यांच्या घरी राहायचं. चालेल?"

"त्यांचं घर लहान आहे," थोरला पुटपुटला.

"त्यांचं कुणाचं?" धाकटा खेकसला.

थोरला ओशाळला. "तुझं," तो म्हणाला.

निघताना परिचारिकेने धाकट्याला गोळ्यांची पुडी दिली. "डोक्याला मार आहे. रात्री मधूनमधून उठवा यांना. उठवून काहीतरी विचारा आणि सरळ उत्तर देतात का बघा. ओकारी झाली, बडबडू लागले तर लगेच घेऊन या."

"काय विचारायचं?"

"काहीही विचारा. नाव विचारा."

"नाव काय विचारायचंय," थोरला भिंतीला धरून उभा राहत म्हणाला. डोक्यावर मोठं पांढरं पट्टीचं मुंडासं, एक डोळा सुजून मिटलेला. "आहेस का, एवढंच विचार."

धाकट्याने मान हलवली. त्याने भावाच्या काखेत हात घातला आणि दोघे पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. ऊन अजून भिंतींवर होतं, शाळा सुटली होती, माणसं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती. एक बनियनवरचा, रक्ताळलेला आणि दुसरा डोकं बांधलेला. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा धाकट्याला राहवलं नाही.

"दादा, आहेस का?"

"अरे, रात्र तरी होऊ दे," थोरला म्हणाला.